माझ्या आवाजातली प्रार्थना

आधीच सांगून टाकतो, मी असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. हा ग्रुप मेव्हण्यानं जॉइन करायला लावला, आणि इथल्या बऱ्याच पोस्ट मी चहा पिता पिता खिदळत वाचल्यात... माफ करा. त्यात मी पडलो ख्रिस्ती. आमच्याकडे भूत मानलं तर चर्चचे पाळकसाहेब ओरडतात आणि चमत्कार नाही मानला तरी ओरडतात. मी दोन्हीकडून बोलणी खाल्लेला माणूस. सभेत कोणी उठून साक्ष द्यायला लागलं – "डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याच क्षणी..." – की मी घड्याळ बघायचो. शैला कोपर मारायची.

तर असा मी आज साक्ष म्हणा, अनुभव म्हणा, काहीतरी लिहायला बसलोय. दोन वर्षं पोटात ठेवलं. आता कंटाळा आलाय ठेवून.

गोष्ट टोरोंटोची, ऑक्टोबर २०१६ ते मार्च २०१७ मधली. आम्ही नॉर्थ यॉर्कला अकराव्या मजल्यावर भाड्यानं राहतो – मी, बायको शैला आणि मुलगी रिया, तेव्हा नऊ वर्षांची. मूळचे आम्ही जालन्याचे. तिकडे मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो आणि शैला नर्स होती. इथे ती एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, आणि मी वॉनमधल्या एका बेकरी प्लांटमध्ये बर्गरचे पाव ट्रेमध्ये लावतो. तिची शिफ्ट दुपारची, माझी सकाळची. आठवड्यातले पाच दिवस आम्ही नवरा-बायको फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून संसार करतो.

इथे मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे किती, तर पंचवीस-तीस घरं, सगळी विखुरलेली. महिन्यातून एका रविवारी दुपारी स्कारबरोच्या एका चर्चचा हॉल मिळतो, तिथे मराठी उपासना. बाकी दिवस काय करायचं, म्हणून भास्करकाकांनी फोनवरची प्रार्थना सुरू केली. काका रेल्वेतून रिटायर होऊन मुलाकडे स्कारबरोला आलेले, नगरचे. मोठा प्रेमळ माणूस, पण वेळेच्या बाबतीत अजून रेल्वेतच आहेत. सकाळी सहा म्हणजे सहा! आपण एक नंबर लावायचा, पिन टाकायचा, की सगळे एका लाइनवर. काका बायबलमधलं वचन वाचणार, मग एकेकाचं नाव घेणार – "आता विनय" – की त्यानं प्रार्थना करायची. सहा-सात जण रोजचे. साडेसहाला आटोपलं.

विमलकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, शेजारी वही घेऊन बसायच्या. त्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या, हजेरी घेतल्याशिवाय त्यांना करमत नाही. कोणी कशासाठी प्रार्थना केली ते तारखेखाली एका ओळीत लिहायचं, आणि उत्तर मिळालं की लाल पेनानं बरोबरची खूण. आमच्या तिकडच्या बऱ्याच चर्चच्या मंडळ्यांत अशी वही असते. कोणाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं जमत नाही – सगळं त्यात.

सहाला मी बसमध्ये असायचो. फिंच स्टेशनहून वॉनकडे जाणारी बस, शेवटून तिसरी सीट, कानात इअरफोन. माझं नाव आलं की टोपी खाली ओढून हळू आवाजात प्रार्थना करायचो. पुढच्या सीटवर गयानाची एक बाई रोज असायची. तिनं एकदा मागे वळून विचारलं, "टॉकिंग टू युअर मदर?" मी म्हटलं, "समथिंग लाइक दॅट." ती म्हणाली, "गुड सन."

आईचं आता सांगतो.

आई जालन्यात धाकट्या भावाकडे. त्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, आणि ऑगस्टपासून तर तिची तब्येत खालावतच गेली. इकडे आमची पीआरची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, फाइल अडकलेली. वर्क परमिटची मुदत संपलेली, नव्यासाठी अर्ज केलेला. अशा मधल्या काळात देशाबाहेर गेलो तर परत आत घेतील याची गॅरंटी नाही, असं इमिग्रेशनच्या कन्सल्टंटनं सांगितलं. शैला आणि रिया इथे, नोकरी इथे, तीन वर्षांची सगळी धडपड इथे. मी एवढंच मागत होतो – पीआर येईपर्यंत आईला राहू दे. रोज सकाळी सहा वाजता, बसमध्ये, टोपी खाली ओढून. काकूंच्या वहीत माझ्या नावापुढे तीन महिने एकच ओळ होती.

ऑक्टोबरमध्ये आई गेली. तिकडे दुपारी साडेचारला दफन होतं, म्हणजे इकडे सकाळचे सात. मी प्लांटच्या वॉशरूममध्ये उभं राहून व्हॉट्सॲपवर बघितलं. चुलतभावानं फोन धरला होता, तो गर्दीत इतका हलत होता की मला पेटी दिसलीच नाही. लोकांच्या चपला दिसल्या आणि माती दिसली. भावानं माती दिली, चुलत्यांनी दिली, शेजारच्या शेख चाचांनीही दिली. मोठा मुलगा मी, आणि मला माझ्या आईला माती देता आली नाही. साडेसातला केसांवर जाळी चढवून मी लाइनवर उभा राहिलो, पाव लावले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पीआरचं पत्र आलं. शैलाला आनंदानं रडू आलं आणि मग माझं तोंड बघून ती गप्प बसली. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. तीन आठवडे हो! जगाच्या सुरुवातीपासून ज्याच्या हातात वेळ आहे म्हणतात, त्याला तीन आठवडे जमले नाहीत.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मी तो नंबर लावणं सोडलं. भांडण नाही, गाजावाजा नाही. बसमध्ये बसायचो आणि खिडकीला डोकं टेकून झोपायचो. पहिले काही दिवस काकांचा फोन येईल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. आला नाही. मला थोडं वाईटही वाटलं – बघा, सात माणसांतला एक कमी झाला तरी कोणाला पत्ता नाही.

शैला मात्र दुपारी निघण्याआधी मेसेज करायची, "होतात ना प्रार्थनेला?" मी लिहायचो, "हो." खोटं. सकाळी सहाला ती गाढ झोपेत, तिला कळणार कसं? काय करणार, तिचा सगळा जीव माझ्या विश्वासावर टांगलेला. आम्ही इकडे आलो ते माझ्याच जोरावर, "प्रभू नेतोय, चल" असं मीच तिला म्हटलं होतं.

तो हिवाळा कसा गेला ते सांगायला मजा नाही. सगळेच दिवस काळे नव्हते हं. नाताळच्या उपासनेत रिया स्टेजवर गात होती, तेव्हा छातीत एकदम ऊब आली. वाटलं, आहे, सगळं आहे अजून. दुसऱ्या दिवशी सुट्टी असून सहाला उठलो, फोन हातात घेतला... आणि ऊब कुठे गेली देव जाणे. फोन ठेवून भांडी घासली. जानेवारीत रागही संपला. राग होता तोवर निदान समोर कोणी आहे असं वाटायचं. मग तेही वाटेना. नुसता थकवा. मी लोकांना "गॉड ब्लेस" म्हणत होतो, जेवणाआधी डोळे मिटत होतो, आणि आत काहीच नव्हतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी ठरवलं की हे नाटक बंद. काकांना तोंडावर सांगायचं – माझं नाव यादीतून काढा, माझा विश्वास राहिलेला नाही. मग घरी येऊन शैलाला सांगायचं. तिचं काय होईल याचा विचार येत होता, पण रोजच्या त्या "हो"चा मला वीट आला होता.

उपासना संपली. शैला ड्यूटीवर होती, रियाला तिच्या मैत्रिणीच्या घरी सोडलेलं. हॉलच्या मागच्या किचनमध्ये काका खुर्च्यांची मोजदाद करत होते आणि काकू चहाचं पातेलं धूत होत्या. लीना नावाची कॉलेजची मुलगी, पुण्याहून आलेली, कप पुसत होती. तीही फोनच्या प्रार्थनेतलीच. मी म्हटलं, "काका, एक सांगायचंय. सकाळच्या प्रार्थनेतून माझं नाव काढा."

काकांनी खुर्ची खाली ठेवली. "का रे बाबा? शिफ्ट बदलली?"

"शिफ्ट नाही. मला नाही जमत आता."

"अरे पण या हिवाळ्यात एकही दिवस चुकला नाहीस तू! मी स्वतः दोनदा आजारी पडलो. तू नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, टोमणा मारायचा असेल तर सरळ मारा. वडीलधारे आहात, ऐकून घेईन."

 काकांनी काकूंकडे बघितलं. काकू हात पुसत आल्या. "विनय, टोमणा कसला? आम्ही दोघं रोज म्हणतो, आई गेल्यावर हा मुलगा खचेल असं वाटलं होतं, पण केवढी सुंदर प्रार्थना करतो."

"काकू, मी ऑक्टोबरपासून फोनच लावलेला नाही."

नळ चालू होता, तो लीनानं बंद केला. मग ती म्हणाली, "असं काय बोलता दादा? फेब्रुवारीत माझी सेमिस्टर जाणार होती. मी सगळं सोडून घरी निघाले होते, तिकीटसुद्धा बघितलं होतं. तुम्ही आठवडाभर रोज माझं नाव घेतलंत. मी त्यावर राहिले." तिचे डोळे भरले होते. मी तिची थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं.

मी खिशातून फोन काढून कॉल लॉग दाखवला. त्या नंबरचा शेवटचा कॉल ऑक्टोबरमधला. काकांनी चष्मा वर-खाली करून दोनदा बघितलं. "दुसरा फोन आहे का तुझ्याकडे? कामावरचा?" नाही. "शैलाच्या फोनवरून?" तो तिच्या उशाशी असतो. मग लीनानं डोकं चालवलं. सगळ्यांना एका लाइनवर जोडणाऱ्या त्या फुकटच्या सर्व्हिसच्या वेबसाइटवर काकांचं अकाउंट होतं, तिनंच उघडून दिलेलं. त्यात रेकॉर्डिंग नसतं, पण कोणत्या नंबरवरून कॉल आला ते दिसतं. तिनं आपल्या फोनवर ते उघडलं आणि बोटानं खाली खाली नेत गेली. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी... काका-काकूंचा नंबर होता, लीनाचा होता, बाकीच्यांचे होते. माझा कुठेच नव्हता.

"पण मी 'आता विनय' म्हणायचो आणि तू बोलायचास," काका म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता त्यांचा. "तुझाच आवाज. तुझं ते 'स्वर्गीय बापा' म्हणताना घसा खाकरणं... मला काय कळत नाही?"

काकू पर्समधून वही घेऊन आल्या. माझ्यासमोर उघडून ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. त्यांच्या गोल, हेडमिस्ट्रेसी अक्षरात रोजची तारीख, आणि रोज माझं नाव.

विनय – शैलाची कंबर. विनय – गुरमीतचा उजवा हात. विनय – लीनाचा अभ्यास. विनय – बसमधल्या गयानाच्या बाईंचा मुलगा.

गुरमीत माझ्याबरोबर लाइनवर काम करतो. ट्रे उचलून उचलून त्याचा उजवा हात बधिर झाला होता, आणि सुपरवायझरला कळू नये म्हणून तो डाव्या हातानं रेटत होता. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं, लॉकर रूममध्ये, पंजाबीमिश्रित हिंदीत. मी हे शैलालासुद्धा बोललो नव्हतो. गयानाच्या बाईला मुलगा आहे हे तर मला माहीतच नव्हतं.

मी पानं उलटत राहिलो. गंमत बघा, त्या माणसानं – माणूस म्हणू की काय म्हणू – स्वतःसाठी एकदाही काही मागितलं नव्हतं. आणि मग नोव्हेंबरच्या एका पानावर आलं: विनय – आईसाठी उपकार मानले. शांती मिळाली म्हणाला.

खरं सांगतो, तोपर्यंत मला भीती वाटत होती. ती ओळ वाचली आणि भीती जाऊन असा संताप आला की वही भिंतीवर फेकावीशी वाटली. मी ओरडलोच, "मी नाही मानले! कोणी मानले माझ्या नावानं? कोणाला शांती मिळाली?"

काकूंनी माझा हात धरला. "बस जरा."

"नाही बसायचं मला! माझी आई गेली. उपकार मानायचे की नाही ते मी ठरवीन ना? की तेही परस्पर?"

काका म्हणाले, "चल, आपण प्रार्थना करू." मी म्हटलं, "नको काका, प्लीज, आत्ता नको." आणि कोट घेऊन बाहेर पडलो. बाहेर बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता. फक्त रविवारी काढायच्या आमच्या जुन्या गाडीत बसून हीटर लावून मी बराच वेळ नुसता स्टिअरिंग धरून होतो.

जाताना वहीतली आणखी एक ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. फेब्रुवारीतली. विनय – रिया शाळेत एकटी जेवते.

रियाला मैत्रिणीकडून घेतलं. ती मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसली होती. सिग्नलला मी विचारलं, "रिया, शाळेत डबा कोणाबरोबर खातेस गं?"

"नोबडी," ती म्हणाली. मग एकदम इअरफोन काढून, "हू टोल्ड यू?"

"कधीपासून?"

"आफ्टर ख्रिसमस. दे मूव्ह्ड टेबल्स. इट्स फाइन, बाबा." थोड्या वेळानं पुन्हा, "बट हू टोल्ड यू? आय डिडन्ट इव्हन टेल मम्मी."

 तिनं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर दोन महिने एकटी बसून पोळीचा रोल खात होती, आणि बाप बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपत होता. ज्याला माहीत होतं तो माझ्या आवाजात बोलत होता. मला माझीच इतकी शरम वाटली की पुढचा सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही, मागच्यानं हॉर्न मारला.

त्या दिवशी शैलाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? मी प्रार्थनेला नव्हतो, पण मी प्रार्थनेला होतो?

सोमवारी सकाळी बसमध्ये बसलो. शेवटून तिसरी सीट. सहाला दोन मिनिटं कमी असताना पाच महिन्यांनी तो नंबर लावला. प्रार्थना करायला नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याला पकडायला. माझं नाव घेतल्यावर तो बोलतो तेव्हा मी लाइनवर असलो तर काय होतं, ते मला बघायचं होतं.  म्यूट मात्र केलं नव्हतं – तो बोलायला लागला की मध्येच त्याला हटकायचं, असं ठरवून आलो होतो. "कोण रे तू?" एवढंच विचारायचं होतं.

काकांनी वचन वाचलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न करत होते. लीनानं थोडक्यात प्रार्थना केली. आणखी दोघांनी केली. मग काका थांबले. एरवी लगेच नाव घेतात, त्या दिवशी घसा साफ केला.

"आता... विनय."

मी श्वास रोखून ऐकत होतो. लाइनवर खरखर होती. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. पुढे काही नाही. मी मोजत होतो मनात, दहा, पंधरा, वीस... कोणी बोलेना. सगळा हिवाळा बोलला, आणि आज मी आलो तर गप्प! मला कळलं की लाइनवरचे सगळेच श्वास रोखून बसलेत, काका, काकू, लीना, सगळे. ते वाट बघत होते आणि मीही वाट बघत होतो. आणि मग हळूहळू डोक्यात शिरलं की आता दुसरं कोणी बोलणार नाहीये. जागा रिकामी आहे, आणि ती माझी आहे.

"विनय, आहेस ना रे?" काकांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

मग जे तोंडातून आलं त्याला प्रार्थना म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मी म्हटलं, "प्रभू, पाच महिने तू जे ऐकलंस ते माझं नव्हतं. मी उपकार मानलेले नाहीत. तीन आठवडे थांबवता आलं नाही का तुला? मी काय राज्य मागत होतो? माझ्या आईला मला माती देता आली नाही. मी दमलोय. मला तुझ्याशी बोलायचंसुद्धा नाहीये. पण माझी मुलगी एकटी जेवते, आणि हे मला तुझ्याकडून कळतं, माझ्या घरात राहून मला कळत नाही..." पुढचं बोलता आलं नाही. मी हुंदके देऊन रडत होतो, सकाळच्या गच्च भरलेल्या बसमध्ये, शिफ्टला निघालेल्या चाळीस माणसांसमोर. आई गेल्यापासून पहिल्यांदा रडत होतो. पुढच्या सीटवरची गयानाची बाई वळली. काही विचारलं नाही तिनं, नुसता टिश्यूचा पुडा पुढे केला. माझा स्टॉप कधीच गेला होता.

 मग फोनवर लीना म्हणाली, "आमेन." मग एकेक करून सगळे.

दुपारी ब्रेकमध्ये विमलकाकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, जेवलास का वगैरे. मग जरा अडखळत म्हणाल्या, "विनय, सकाळी आवाज ओळखूच येईना रे तुझा. क्षणभर मला वाटलं, हा कोण नवीन माणूस आलाय."

शैलाला पुढच्या रविवारी सगळं सांगितलं, त्या "हो" सकट. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती – रियाच्या टीचरशी बोलले आहे, शुक्रवारी दोघांनी जायचंय, शिफ्ट बदलून घ्या. गयानाच्या बाईला मी एकदा विचारलं, मुलगा आहे का म्हणून. आहे. हॅमिल्टनला असतो, तीन वर्षं तिच्याशी बोललेला नाही. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तरी बोलतो की नाही बघू, एवढंच म्हणाली.

मी मूळचा विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे सुचतील ती सगळी कारणं लावून बघितली. काकांच्या वयाचा दोष, तर मग लीना? कोणी माझी नक्कल करत होतं म्हणावं, तर गुरमीतचा हात, रियाचा डबा? मी झोपेत फोन लावत होतो, तर कॉल लॉग कुठाय? आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी एक वचन दाखवलं आणि म्हणाले, याचं उत्तर इथे आहे. असेल. ते खूप ठामपणे म्हणाले म्हणूनच मला ते पूर्ण पटलं नाही.

विश्वास परत आला का, असं तुम्ही विचाराल. काही दिवस असतो, काही दिवस नसतो. आईसाठी देवाचे उपकार अजून मानून झालेले नाहीत, जमेल तेव्हा मानीन. पण सहाला फोन रोज लावतो. तापात लावतो, रागात लावतो, आत काही नसतं त्या दिवशीही लावतो आणि "प्रभू, आज काही नाही" एवढंच बोलतो. कधी कधी मनात येतं, एक दिवस मुद्दाम गप्प राहून बघावं, तो बोलतो का. अजून तेवढी हिंमत झालेली नाही. तो बोलला तर काय करायचं हे मला माहीत नाही. आणि या वेळी तो बोलला नाही तर माझ्या पोरीसाठी कोण बोलेल, तेही माहीत नाही.